जॉर्डन, लेब्रॉन आणि घरातली भांडणं

बास्केटबॉलवरची पत्रं या वेळी इतकी आलीयेत की बाकीचे खेळ पुढच्या अंकात घेऊ. अमेरिकेतल्या एनबीएच्या मॅच आपल्याकडे पहाटे-सकाळी लागतात, त्यामुळे बहुतेक पत्रांत आंघोळ, डबा आणि कॉलेजला उशीर यांचा उल्लेख आहेच.

प्रश्न : आमच्याकडे दोघा भावांचं रोज वाजतं. मी म्हणतो मायकल जॉर्डन, कारण ६ वेळा फायनलला गेला आणि सहाही जिंकला. धाकटा म्हणतो लेब्रॉन जेम्स, कारण सगळ्यात जास्त पॉइंट त्याचे. आई म्हणते दोघांनी आधी गाद्या उचला. एकदाचा निकाल द्या. — मोठा भाऊ, सांगली

दादा, निकाल तुमच्या बाजूने आहे पण तुमचं कारण अगदीच लेचंपेचं आहे. ‘सहापैकी सहा’ ऐकून ऐकून कान किटले. शिकागोचा जॉर्डन १९८८, ८९ आणि ९० असा लागोपाठ तीन वर्षं डेट्रॉइटसमोर हरला, १९९५ ला बेसबॉल सोडून परत आला तेव्हा ऑरलँडोसमोर हरला, फक्त हे सगळं फायनलच्या आधी झालं म्हणून रेकॉर्ड स्वच्छ दिसतो. म्हणजे दुसऱ्या फेरीत हरलेला चांगला आणि टीमला ओढत फायनलपर्यंत नेऊन तिथे हरलेला वाईट, हा कुठला न्याय? नुसती विजेतेपदंच मोजायची तर रॉबर्ट हॉरीकडे ७ आहेत, जॉर्डनपेक्षा एक जास्त, आणि तो आयुष्यात एकदाही ऑल-स्टारला (वर्षातल्या निवडक खेळाडूंच्या मॅचला) निवडला गेला नाही. विजेतेपद टीमचं असतं हो.

आणि लेब्रॉनने ओढत नेलं म्हणजे कसं, तर २००७ ची डेट्रॉइटविरुद्धची पाचवी मॅच बघा, मिळेल कुठेही (एका फेरीत त्याच दोन टीमा जास्तीत जास्त सात मॅच खेळतात, आधी चार जिंकेल तो पुढे). त्याच्या टीमच्या, क्लीव्हलँडच्या, शेवटच्या ३० पैकी २९ पॉइंट एकट्याचे, त्यातले शेवटचे २५ तर सलग त्याचेच, दोन ओव्हरटाइम, एकूण ४८. वय २२. डेट्रॉइटवाल्यांना कळतंय की बॉल याच्याकडेच जाणार, तरी काहीही करता येत नाहीये. पुढे फायनलला सॅन अँटोनियोने चारही मॅचमध्ये धुतलं, आणि तुमच्या हिशोबाने तो डाग.

मग जॉर्डन पहिला का? माझ्यासाठी दोन गोष्टी. एक म्हणजे १९८७-८८ चा सीझन, ज्यात तो लीगमध्ये सगळ्यात जास्त स्कोर करणारा होता, एमव्हीपी (वर्षातला सर्वोत्तम खेळाडू) होता आणि वर्षातला सर्वोत्तम डिफेंडरही तोच होता. जो माणूस रोज ३५ पॉइंट करतो त्याने डिफेन्सला जरा दम खावा अशी सगळ्यांची अपेक्षा असते, याने तिथेही दुसऱ्याला काही ठेवलं नाही. दुसरी गोष्ट म्हणजे दबाव वाढला की तो वाढायचा. रेग्युलर सीझनची सरासरी ३० च्या किंचित वर, प्लेऑफची (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांची) ३३ च्या वर, जिथे समोरच्या टीमा जास्त तगड्या असतात.

१९९८ च्या फायनलची सहावी मॅच, यूटामध्ये. जॉर्डनचा जोडीदार पिपेन, त्याची पाठ गेलेली, शिकागो ३ पॉइंट मागे, ४० सेकंदांच्या आसपास उरलेत. जॉर्डन आत घुसून दोन पॉइंट काढतो. मग मागे पळत जातो, यूटाच्या कार्ल मलोनकडे बॉल येतो, त्याला वाटतं जॉर्डन दुसऱ्याला मार्क करतोय आणि तेवढ्यात हा मागच्या बाजूने येऊन हातातला बॉल टपकन काढून घेतो. टाइमआउट नाही काही नाही, एकटा बॉल घेऊन चालत पुढे येतो, उजवीकडे जातोय असं दाखवून थांबतो आणि शॉट. ८७-८६. शिकागोच्या ८७ पैकी ४५ त्याचे. लोकांना तो शेवटचा शॉट आठवतो, मला विचाराल तर खरी करामत चोरीत आहे.

आता धाकट्याचं. लेब्रॉनने ७ फेब्रुवारी २०२३ ला करीम अब्दुल-जब्बारचा ३८,३८७ पॉइंटचा विक्रम मोडला, तो १९८४ पासून करीमच्याच नावावर होता, आणि पुढच्या वर्षी हा पठ्ठ्या ४०,००० च्या पार गेला. जास्त वर्षं खेळला म्हणून जास्त पॉइंट, असं म्हणाल तर ते मला मान्य नाही, वीस वर्षं त्या पातळीवर टिकून दाखवा की कुणीतरी! २०१६ ला तर सीझनमध्ये ७३ मॅच जिंकलेल्या गोल्डन स्टेटसमोर ३-१ ने मागे असताना फायनल फिरवली. पण २०११ ची डॅलसविरुद्धची फायनल त्याला आडवी येते, पूर्ण भरात असताना सरासरी १८ सुद्धा नाही, चौथ्या क्वार्टरमध्ये गायब. जॉर्डनची अशी फायनल शोधून सापडत नाही. म्हणून दुसरा, तोही केसभराने. गाद्या मात्र तुम्हीच उचला, मोठे आहात.

प्रश्न : एका मॅचमध्ये १०० पॉइंट करणारा विल्ट चेंबरलिन कोणाच्याच यादीत पहिला नसतो. का? — निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली

काका, तो सीझन नीट बघितलात तर उत्तर तिथेच आहे. २ मार्च १९६२, पेनसिल्व्हेनियातलं हर्शी गाव, विल्टची फिलाडेल्फिया १६९, न्यूयॉर्क १४७. टीव्हीवर मॅच नव्हतीच, त्यामुळे आपल्याकडे आहे तो हातात १०० लिहिलेला कागद धरलेला फोटो. फ्री थ्रोमध्ये (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटमध्ये) एरवी बिचारा रडायचा, त्या दिवशी ३२ पैकी २८ घातले. शेवटी शेवटी तर बॉल पटकन परत मिळावा म्हणून त्याच्या टीमचे लोक मुद्दाम फाउल करत होते. पूर्ण सीझनची सरासरी ५०.४ पॉइंट आणि ४८.५ मिनिटं, मॅच ४८ मिनिटांची असते, म्हणजे ओव्हरटाइमसुद्धा बाहेर न बसता खेळला.

आणि त्या वर्षी एमव्हीपी कोण? बिल रसेल, ज्याची सरासरी १९ सुद्धा नव्हती. तेव्हा मतदान खेळाडूच करायचे. म्हणजे जे लोक आज विल्टकडून आणि उद्या रसेलकडून मार खात होते त्यांनीच सांगितलं की रसेल जास्त त्रास देतो. रसेल १३ वर्षं खेळला, ११ विजेतेपदं, सातव्या निर्णायक मॅच १० खेळला आणि दहाही जिंकला, शेवटची दोन विजेतेपदं तर स्वतःच कोच असताना. मघाशी मी हॉरीवरून विजेतेपदांना नावं ठेवली आणि आता रसेलची मोजतोय असं म्हणाल, पण हॉरी त्या टीमांचा आधारस्तंभ कधीच नव्हता, रसेलच्या टीमचा, बॉस्टनचा, डिफेन्स म्हणजे रसेलच. त्याचे ब्लॉक (समोरच्याचे हवेत अडवलेले शॉट) किती होते? कुणी मोजलेच नाहीत, लीगने ब्लॉक मोजायला सुरुवात केली १९७३-७४ पासून, रसेल १९६९ ला निवृत्त. त्यातही तो बॉल प्रेक्षकांत भिरकावून द्यायचा नाही, हलकेच आपल्या माणसाकडे ढकलायचा की लगेच पलीकडे पळापळ सुरू. समोर फडतूस लोक होते असं कोणी म्हटलं तर समोर विल्ट होता एवढंच सांगायचं.

प्रश्न : कोबी ब्रायंटचं नाव घ्यायला तुम्हाला काय होतं? — फॅन, पुणे

काही होत नाही, घेतलं! टोरांटोविरुद्धचे ८१ पॉइंट, ५ विजेतेपदं, सगळं मान्य. पण एमव्हीपी एकदाच, आणि पहिल्या तिन्ही विजेतेपदांना फायनलचा एमव्हीपी त्याच्याच टीमचा शॅक होता. माझ्या यादीत अकरावा.

प्रश्न : तुमच्या याद्यांमध्ये एकही बाई का नसते? — बारावी, कॉलेज टीम, नागपूर

बरोबर पकडलंस. लीग वेगळी म्हणून यादी वेगळी करतो. डब्ल्यूएनबीए, म्हणजे बायकांची एनबीए, १९९७ ला सुरू झाली आणि पहिली चारही वर्षं ह्यूस्टन जिंकलं, चारही वेळा फायनलची एमव्हीपी सिंथिया कूपर, आणि लीग सुरू झाली तेव्हाच बाई चौतीस वर्षांच्या होत्या, त्याआधीची उमेदीची वर्षं युरोपात खेळण्यात गेली. तरी माझी पहिली डायना टॉरासी. १०,००० पॉइंटच्या पुढे गेलेली त्या लीगमधली पहिली, शिवाय ऑलिंपिकची ६ सुवर्णपदकं, २००४ ते २०२४ एकही न चुकता. तू गार्ड खेळत असशील तर तिचे पास बघ, शॉट नंतर.

प्रश्न : आपला कोणी? — नागपाडा, मुंबई

सतनाम सिंगला २०१५ ला डॅलसने नव्या खेळाडूंच्या निवडीत ५२ व्या नंबरवर घेतलं पण एनबीएची मॅच मिळाली नाही. त्याच वर्षी सिम भुल्लर सॅक्रॅमेंटोकडून उतरला, तो भारतीय वंशाचा पण कॅनडाचा. महान वगैरे नंतर बघू, आधी एक जण पूर्ण सीझन खेळू दे.

प्रश्न : उगाच फाटे फोडू नका, पहिले दहा सांगा. — कोल्हापूर

घ्या. जॉर्डन, लेब्रॉन, मग करीम, ज्याच्याकडे ६ एमव्हीपी आहेत, इतके कोणाकडेच नाहीत, आणि फायनलचा एमव्हीपी १९७१ ला एकदा आणि १९८५ ला परत, मध्ये १४ वर्षं! चौथा रसेल. पाचवा मॅजिक जॉन्सन, पहिल्याच वर्षी करीम जखमी असताना त्याच्या जागी सेंटरला उभा राहून फायनलमध्ये ४२ पॉइंट काढले. मग डंकन, विल्ट, बर्ड, शॅक, ओलाजुवॉन. सहा ते दहा कसेही फिरवा, माझी हरकत नाही. स्टीफन करी बारावा, आणि निकोला योकिच सध्या त्याच्या मागे उभा आहे पण तीन एमव्हीपी आणि एक विजेतेपद खिशात असलेला माणूस अजून खेळतोय, तेव्हा ती जागा पेन्सिलीने लिहा.