हज, फ्लू आणि पासष्टीची अट

प्रश्न : २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या साथीमुळे माझ्या अब्बांचे हजला जाणे राहिले. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते आणि त्यांना मधुमेहही होता. पासष्टीपुढच्यांनी यंदा येऊ नये असे सौदी सरकारने सुचवल्याचे कळले आणि आम्हीच त्यांना थांबवले. पुढे त्यांना योग आला नाही. आता आई निघाली आहे आणि घरात जुना वाद पुन्हा उकरला जातो. ती खबरदारी गरजेची होती, की उगाच धास्ती घेतली गेली? आणि गरजेची असेल, तर जोतिबाच्या चैत्र यात्रेआधी तापाची साथ असताना आपल्याकडे असे काही का होत नाही?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अब्बांना थांबवण्यात आपले चुकले नाही. मात्र त्याचे खरे कारण त्यांच्या वयापेक्षा मधुमेहात होते.

हा विषाणू एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको व अमेरिकेत ओळखला गेला, ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली आणि हज नोव्हेंबरच्या अखेरीस होता. सौदी सरकारच्या हाती जेमतेम साडेपाच महिने होते. त्याने जूनमध्येच बाहेरदेशीचे साथरोगतज्ज्ञ जेद्दाहला बोलावून सल्ला घेतला. जुलैत अरब देशांचे आरोग्यमंत्री कैरोत जमले आणि ६५ वर्षांवरील, १२ वर्षांखालील, गरोदर व जुनाट आजार असलेल्यांनी त्या वर्षी हजला जाऊ नये, असे ठरले. सौदी सरकारने यात्रेकरूंपुढे ते हज पुढे ढकलण्याची शिफारस म्हणून मांडले. ट्युनिशियाने तर आपल्या नागरिकांची त्या वर्षीची हजयात्राच रद्द केली.

पासष्टीची अट नेहमीच्या फ्लूच्या अनुभवावर बेतलेली होती, कारण त्यात वृद्धच अधिक दगावतात. हा विषाणू मात्र वेगळा निघाला. १९५७ पूर्वी त्याच्या कुळातल्या विषाणूंशी गाठ पडलेल्या पिढीला त्याची लागण तुलनेने कमी झाली आणि तडाखा तरुणांना बसला. ३ ऑगस्टला पुण्यात देशातला पहिला बळी गेला, तो एका शाळकरी मुलीचा होता. अर्थात वृद्धाला लागण झालीच, तर त्याच्या जिवाला धोका मोठाच होता आणि मधुमेहाने तो आणखी वाढला असता. म्हणून त्या अटीला मी अर्धी बरोबर म्हणेन. सरकारांना बहुधा अशा अपुऱ्या माहितीवरच निर्णय घ्यावे लागतात.

विमानतळावरच्या ताप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचे कौतुक पुष्कळ झाले, पण त्यांच्यावर माझा फारसा भरवसा नाही. फ्लूचा रुग्ण ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच इतरांना आजार देऊ शकतो आणि पॅरासिटामॉल घेऊन उतरलेला प्रवासी कॅमेऱ्यासमोरून बिनदिक्कत निघून जातो. खरा उपाय लसीचा. १९८७ च्या हजमध्ये मेंदूज्वराची साथ पसरल्यावर त्यावरची लस सक्तीची झाली, आणि २००० व २००१ मध्ये त्याच रोगाचा दुसरा प्रकार उद्भवल्यावर चार प्रकारांवर चालणारी लस आली. फ्लूबाबत २००९ मध्ये ही सोय आपल्याकडे नव्हती, कारण पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारायची लस जुलै २०१० मध्ये आली. मग सल्ल्यावाचून हाती उरले काय?

त्या हजमध्ये वीस लाखांहून अधिक लोक होते. प्रयोगशाळेत ७३ रुग्ण निश्चित झाले व त्यांपैकी ५ दगावले. हा आकडा तपासलेल्यांचा आहे, खोकत घरी परतलेल्यांचा नव्हे.

आईंना मेंदूज्वराच्या सक्तीच्या लसीबरोबर फ्लूची लसही निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी द्यावी, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढा वेळ लागतो.

आता जोतिबाविषयी. हजला व्हिसा लागतो, त्यामुळे कोण निघाला हे महिनाभर आधी कळते आणि त्याला लसीची अट घालता येते. जोतिबाच्या वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर कोणी पायी येतो, कोणी एसटीने. नाव कोणाचेच नोंदलेले नसते. इथे सरकारच्या हाती, १८९७ च्या साथरोग कायद्याच्या आधारे, यात्राच बंद करणे एवढाच कठोर मार्ग उरतो. कोरोनात २०२० मध्ये यात्रा झाली नाही, पण दरवर्षीच्या फ्लूसाठी तसे करणे अतिरेकाचे होईल. शिवाय सासनकाठी, म्हणजे गावोगावाहून यात्रेत मिरवत आणायची उंच काठी, तोलणाऱ्यांच्या घोळक्यात गुलाल-खोबऱ्याची उधळण सुरू झाली, की ठणठणीत माणूसही खोकतो. तिथे तापमापक घेऊन उभ्या राहिलेल्या आरोग्यसेवकाने कोणाला बाजूला काढायचे?

काम गावातच, काठी निघण्यापूर्वी करावे लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ओसेल्टामिव्हिर या फ्लूवरच्या औषधाच्या गोळ्या असाव्यात. गरोदर, वृद्ध व मधुमेही रुग्णाला त्या लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत मिळाल्या, तर अधिक उपयोगी पडतात. ताप असलेल्याने यंदा काठीला खांदा देऊ नये, हे सरकारी पत्रकापेक्षा गावच्या गुरवाने किंवा मानकऱ्याने सांगितले तर ऐकले जाते.