मोबाइल आणि हँडीकॅमचे घरगुती व्हिडिओ डीव्हीडीवर टाकले, लॅपटॉपवर चालतात पण टीव्हीच्या प्लेअरवर नाही. काय चुकतंय?

तुम्ही एमपी४ फाइल्स कोऱ्या डीव्हीडीवर नुसत्या कॉपी केल्यात. त्यामुळे तयार झाली ती डेटा डिस्क, आणि टीव्हीखालच्या साध्या प्लेअरला हवी असते डीव्हीडी-व्हिडिओ. प्लेअर दुरुस्तीला देऊ नका, त्यात बहुतेक काहीच बिघडलेलं नाही.

डीव्हीडी-व्हिडिओचा साचा ठरलेला आहे. डिस्कवर ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर लागतो, त्यात व्हीओबी, आयएफओ आणि बीयूपी फाइल्स. चित्र एमपेग-२ या जुन्या कॉम्प्रेशन पद्धतीत. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. आवाज ४८ किलोहर्ट्झचा, शक्यतो एसी-३ (म्हणजे डॉल्बी डिजिटल). मोबाइलचा एच.२६४ किंवा एचईव्हीसी या नव्या पद्धतींतला व्हिडिओ यात बसत नाही, त्यामुळे फाइलचं नाव बदलून काही होणार नाही. सगळं पुन्हा एन्कोड, म्हणजे एमपेग-२ मध्ये रूपांतरित करावं लागतं. ४के मध्ये शूट केलेलं असलं तरी डिस्कवर ५७६ ओळीच उरतात, म्हणून मूळ फाइल्स हार्ड डिस्कवरून अजिबात उडवू नका.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक भागाकार करा, कारण निम्म्या तक्रारी इथेच सुरू होतात. डिस्कवर ४.७ जीबी छापलेलं असतं (विंडोज तीच जागा साधारण ४.३८ दाखवतं). मेन्यू आणि किरकोळ वजा केलं की सुमारे ३६,००० मेगाबिट हातात राहतात. त्याला एकूण सेकंदांनी भागा. दोन तासांचा व्हिडिओ म्हणजे ७,२०० सेकंद, म्हणजे सेकंदाला ५ मेगाबिट. त्यातले सुमारे ०.२ आवाजाला. दीड तासाला साडेसहाच्या आसपास मिळतात, आणि माझ्या मते घरगुती व्हिडिओसाठी हाच उत्तम मेळ. हँडीकॅम हातात धरून काढलेलं हलतं चित्र एमपेग-२ ला जड जातं. तीन तास एकाच डिस्कवर कोंबले तर मांडवातल्या गर्दीचे चौकोनी ठोकळे दिसू लागतात. उलट व्हिडिओ तासाभराचाच असला तरी सेकंदाला ८ मेगाबिटच्या वर जाऊ नका. नियमाने चित्राला ९.८ पर्यंत मुभा आहे, पण घरी राइट केलेली डिस्क त्या वेगाने वाचताना जुने प्लेअर अडखळतात. ८.५ जीबीची ड्युअल लेअर डिस्क घेण्यापेक्षा दोन साध्या डिस्क बऱ्या: स्वस्त पडतात आणि जास्त प्लेअरवर चालतात.

आता मोबाइलची गोम. मोबाइल स्थिर फ्रेमरेटने रेकॉर्ड करत नाही. उजेड कमी झाला की फ्रेम कमी करतो. तसाच व्हिडिओ डीव्हीडीच्या सॉफ्टवेअरला दिला तर पाच-दहा मिनिटांनी ओठ आणि आवाज यांची फारकत होऊ शकते. म्हणून आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या फुकट प्रोग्राममध्ये फाइल घालून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडा, क्वालिटी आरएफ १८ ठेवा (आकडा लहान तितकं चित्र चांगलं) आणि त्यातून निघालेली फाइल पुढे वापरा. बहुतेक क्लिप मोबाइलच्या, म्हणजे ३० फ्रेमच्या असतील तर पालचा हट्ट सोडा. २५ वर आणताना फ्रेम गळतात आणि कॅमेरा फिरताना झटके दिसतात. एनटीएससी ही अमेरिकेतली टीव्ही पद्धत निवडा, फ्रेमरेट २९.९७, भारतात विकले गेलेले बहुतेक प्लेअर दोन्ही वाचतात. उभे धरून काढलेले व्हिडिओ ताणू नका, बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या.

हँडीकॅमच्या मिनीडीव्ही टेपचं नेमकं उलट. ते मुळातच पाल असतं, तासाला सुमारे १३ जीबी, आणि इंटरलेस्ड, म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या सम आणि विषम ओळी आळीपाळीने टिपलेलं. ते डीइंटरलेस करू नका. इंटरलेस्डच ठेवा आणि फील्ड ऑर्डर (कोणत्या ओळी आधी दाखवायच्या तो क्रम) ‘बॉटम फर्स्ट’ द्या. ती उलटी पडली की स्थिर चित्र व्यवस्थित दिसतं, पण नाचणारी माणसं थरथरतात.

डिस्क बांधायला डीव्हीडीस्टायलर फुकट आणि पुरेसं आहे. (इन्स्टॉल करताना प्रत्येक पान वाचा, सोबत नको ते प्रोग्राम माथी मारणारे इन्स्टॉलर बरेच असतात.) नव्या प्रोजेक्टमध्ये पाल किंवा एनटीएससी, १६:९ किंवा ४:३ ठरवा आणि क्लिप ओढून आत टाका. मेन्यूची बटणं कडेपासून निदान दहा टक्के आत ठेवा. जुने पिक्चर ट्यूबचे टीव्ही कडा कापतात. शेवटी थेट बर्न न करता आयएसओ इमेज (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) बनवा आणि ती व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअर प्रोग्राममध्ये पूर्ण तपासा. इथे चूक सापडली तर डिस्क वाया जात नाही.

मग इमेज इमगबर्न या डिस्क राइट करायच्या प्रोग्रामने राइट करा, ‘व्हेरिफाय’वर खूण ठेवून. डिस्क चांगल्या कंपनीची डीव्हीडी-आर घ्या. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू नको, तिच्यावरून प्रकाश कमी परावर्तित होतो आणि जुनी लेन्स तिला ओळखत नाही. १६एक्स लिहिलेली डिस्क ८एक्सवर राइट करा. सर्वात कमी वेगच सर्वात चांगला, हा समज आजच्या डिस्कना लागू नाही. वर कागदी स्टिकर चिकटवू नका, फिरताना तोल जातो; सीडी मार्करने लिहा.

इतकं करूनही अडलं तर लक्षणावरून कारण शोधा. ‘नो डिस्क’ आलं तर डिस्क फायनलाइज (लिखाण संपवून बंद) झालेली नाही किंवा प्लेअरची लेन्स थकली आहे. दुकानातून घेतलेली सिनेमाची डीव्हीडी लावून बघा. शेवटच्या वीस मिनिटांत अडकत असेल तर डिस्कची बाहेरची कड पाहा, कारण लिखाण आतून बाहेर जातं आणि हलक्या डिस्क कडेलाच दगा देतात. चित्र काळं-पांढरं किंवा वर-खाली सरकत असेल तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्ही टाइप बदला, ते पाल-एनटीएससीचं भांडण आहे.

आणि टीव्हीला यूएसबी पोर्ट असेल तर हा सगळा खटाटोप फक्त नातेवाइकांना द्यायच्या प्रतींपुरता करा. घरच्या टीव्हीसाठी १०८० ओळींची एच.२६४ एमपी४, आवाज एएसी, पेनड्राइव्हवर टाका. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर एक फाइल ४ जीबीच्या आत ठेवा.