थांबू नका, आणि आज आधी स्वतःच्या अर्जाची पीडीएफ उघडा

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत नऊ ठिकाणी पीएचडीचे अर्ज केले, पाच नकार आले, चार ठिकाणांहून काहीच कळलेलं नाही आणि मार्चचा दुसरा आठवडा उजाडलाय. १५ एप्रिलपर्यंत वाट बघावी की आत्ताच मास्टर्स शोधायला लागावं, असा तुमचा प्रश्न आहे. वाचताना पोटात गोळा आला. माझ्या त्या वर्षीची गत जवळजवळ हीच होती आणि मी वाट बघत बसले होते. त्यात पूर्ण वर्ष गेलं.

कसं गेलं ते आधी सांगते. अर्ज भरताना शेवटच्या पानांत एक प्रश्न असतो: पीएचडीसाठी निवड झाली नाही तर मास्टर्ससाठी विचार करावा का? सगळीकडे नसतो, माझ्या चार अर्जांत होता. मी चारही ठिकाणी 'नाही' निवडलं. 'हो' म्हटलं तर समितीला वाटेल की हिलाच स्वतःची खात्री नाही, अशी माझी समजूत. कुणी तसं सांगितलं नव्हतं, मीच करून घेतली होती. डिसेंबरात अर्ज गेले आणि तो प्रश्न डोक्यातून पार निघून गेला.

फेब्रुवारीत नकार यायला लागल्यावर त्यातल्या एका विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला मेल केली: माझा अर्ज मास्टर्सकडे वळवता येईल का? उत्तर आलं, 'आपला अर्ज विचाराधीन आहे, निर्णय झाल्यावर कळवण्यात येईल.' मी त्याचा अर्थ घेतला की मास्टर्ससाठीही विचार चालू आहे. दोन आठवड्यांनी परत विचारलं. तेच वाक्य, फक्त विषयाच्या ओळीतला क्रमांक वेगळा. तिसऱ्यांदाही तेच. असे सहा आठवडे गेले. एप्रिलच्या सुरुवातीला तिथून नकार आला तेव्हा कुठे मला विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला (विभागातलं प्रवेशाचं कामकाज बघणाऱ्या व्यक्तीला) थेट लिहायचं सुचलं. त्या बाईंचं उत्तर दोन तासांत आलं. 'अर्जात तुम्ही मास्टर्सला नाही म्हटलं आहे. फेब्रुवारीत मला कळवलं असतंत तर बदलून दिलं असतं. आमची मास्टर्सची यादी मार्चच्या मध्यावर बंद झाली.'

तीन ओळी. त्या मी आजही विसरलेले नाही. चूक माझी होतीच, पण मी तीन वेळा सरळ प्रश्न विचारला होता आणि त्या कार्यालयात एकदाही कुणी माझा अर्ज उघडून बघितला नाही. समोरचा माणूस वर्षभराच्या आयुष्याबद्दल विचारतोय याचं भान नको का? असो. यातून धडा एवढाच की मध्यवर्ती कार्यालयाला फक्त अर्जाची 'स्थिती' दिसते. यादी कुणाच्या हातात आहे, ती कधी बंद होते, काय बदलता येतं, हे विभागात कळतं. तिथे विचारा.

तर आजच चारही अर्जांच्या पीडीएफ उघडून तो प्रश्न शोधा. 'नाही' असेल किंवा प्रश्नच नसेल, तर कोऑर्डिनेटरला चार ओळींची मेल लिहा: मी प्रतीक्षायादीत आहे का, नसेन तर मास्टर्ससाठी विचार होऊ शकतो का, आणि होणार असेल तर पैशांची काही सोय असते का. कारणमीमांसा, आर्जवं काही नको.

१५ एप्रिलबद्दल बराच गैरसमज आहे. अमेरिकेतल्या काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेचा ठराव असा आहे की ज्यांना आर्थिक साहाय्यासह प्रवेश देऊ केलाय, त्यांच्यावर त्या तारखेआधी होकार देण्याची सक्ती करायची नाही. म्हणून त्या आठवड्यात लोक जागा सोडतात आणि प्रतीक्षायादी हलते. तुम्ही त्या यादीतच नसाल तर ही तारीख तुमच्यासाठी नाही. कोऑर्डिनेटरकडून गुळमुळीत उत्तर आलं तर मी तरी ते 'नाही' धरून कामाला लागेन.

आता पर्याय. मी विज्ञान शाखेची, प्रयोगशाळेतली, त्यामुळे मानव्यशाखांबद्दल माझं ऐकू नका. प्रवेश समितीवरही मी कधी नव्हते. मुदती विभागागणिक बदलतात, प्रत्येक पान स्वतः वाचा. पण मार्चमध्ये बरंच शिल्लक असतं. जर्मनीत हिवाळी सत्रासाठी अनेक अभ्यासक्रमांची मुदत ३१ मे किंवा १५ जुलै असते, काहींची परदेशी विद्यार्थ्यांसाठी बरीच आधी. युनि-असिस्ट या परदेशी अर्ज तपासणाऱ्या तिथल्या सामाईक संस्थेमार्फत अर्ज असेल तर छाननीलाच साधारण चार ते सहा आठवडे जातात, तेव्हा १५ जुलैचा अर्ज मेमध्येच पाठवा. ब्रिटनमध्ये पुष्कळ अभ्यासक्रम उन्हाळ्यापर्यंत अर्ज घेतात. ऑस्ट्रेलियात जुलै आणि फेब्रुवारी अशी दोन सत्रं असल्याने थोडा श्वास घ्यायला मिळतो. कॅनडात संशोधनाधारित मास्टर्सला बहुधा पैसे मिळतात, पण त्यासाठी आधी मार्गदर्शक मिळवावा लागतो, म्हणजे ई-मेल प्राध्यापकांनाच करायच्या. स्वीडनची पहिली फेरी जानेवारीतच संपते आणि इरॅस्मस मुंडसचे (युरोपीय संघाच्या शिष्यवृत्तीच्या संयुक्त मास्टर्सचे) अर्जही बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारीत असतात, त्यात आता वेळ घालवू नका.

यावर माझं ठाम मत आहे, पटलं तर घ्या. पुन्हा अमेरिकेत पीएचडीला अर्ज करायचा म्हणून एक वर्षाचं ब्रिटिश मास्टर्स घेत असाल, तर कॅलेंडर समोर ठेवा. अभ्यासक्रम सप्टेंबरअखेर सुरू होतो आणि पुढचे अर्ज डिसेंबरात. दोन महिन्यांत तिथल्या कुठल्या प्राध्यापकाला तुम्ही एवढे माहीत होणार की तो मनापासून पत्र लिहील? प्रबंधाचं काम तर पुढच्या उन्हाळ्यात. म्हणजे फी भरून अर्ज होता तसाच राहतो. मास्टर्स संपवून मग अर्ज करणार असाल तर गोष्ट वेगळी. दोन वर्षांच्या, १२० क्रेडिटच्या युरोपीय मास्टर्समध्ये दुसऱ्या डिसेंबरापर्यंत तुमचं प्रयोगशाळेत काहीतरी झालेलं असतं. शिवाय जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन इथे पीएचडीला सहसा मास्टर्स लागतंच, आणि ती बऱ्याचदा पगारी नोकरी असते, जिची जाहिरात वर्षभर केव्हाही येते. युराक्सेस या संशोधनातल्या नोकऱ्यांच्या युरोपीय संकेतस्थळावर बघत राहा. तिथलं मास्टर्स 'पर्यायी' म्हणून घेतलं तरी तोच तिकडच्या पीएचडीचा सरळ रस्ता असतो. मीही शेवटी त्याच रस्त्याने गेले, वर्ष उशिरा.

प्रबंध नसलेलं, मोठ्या वर्गाचं, स्वखर्चाचं मास्टर्स मात्र नुसती जागा मिळतेय म्हणून घेऊ नका. त्यापेक्षा वर्षभर कुठल्यातरी प्रयोगशाळेत संशोधन सहायक म्हणून काम करणं मला जास्त उपयोगाचं वाटतं.

एक राहिलं. शिफारसपत्रं. तीच माणसं, तीच पत्रं, असं गृहीत धरू नका. माझ्या एका सरांच्या पत्रात 'पीएचडी कार्यक्रमासाठी' हे शब्द तीनदा होते आणि ते तसंच मास्टर्सच्या अर्जाला जोडलं गेलं, हे मला फार उशिरा कळलं. त्यांना आत्ताच, नवीन यादी आणि तारखांसह लिहा. नकार आले हे सांगायला संकोच वाटेल, मलाही वाटला होता. सरांनी एका ओळीत उत्तर दिलं, 'यादी पाठव, शनिवारी बसतो.' उद्देशपत्रातही (स्टेटमेंट ऑफ पर्पज) नुसतं विद्यापीठाचं नाव बदलून भागत नाही. तिथले कोणते विषय घ्यायचेत आणि का, हे दोन परिच्छेदांत यायला हवं.

कोऑर्डिनेटरला पाठवायच्या मेलचा मसुदा तयार झाला की इथे टाका, नावं खोडून. मी रात्री बघते.