‘द डॉट अँड द लाइन’ या जुन्या प्रेमकथेच्या कार्टूनबद्दल प्रेक्षकांची मतं इतकी टोकाची का?

दिग्दर्शक चक जोन्सचा हा १९६५ चा एमजीएम स्टुडिओचा लघुपट जेमतेम दहा मिनिटांचा. सरळ रेषेचं बिंदूवर प्रेम, बिंदू मात्र बेशिस्त गिचमिडीवर फिदा. ऑस्कर मिळालं, तरी ‘टॉम अँड जेरी’सारखी धमाल शोधणारे कंटाळतात. इथे ना चेहरे, ना संवाद. ब्रिटिश अभिनेता रॉबर्ट मॉर्ली फक्त निवेदन करतो.

आवडणारे बहुधा मधल्या भागावर खूश असतात. रेषा आधी कशीबशी एक कोन करते, मग कोनांचा असा सपाटा लावते की स्वतःचाच गुंता होतो. त्यातून सावरून ती शिस्तीत आकृत्या घडवते. नुसत्या वळणातून हुरूप, फजिती, ऐट दिसते. खरं कौशल्य तेच.

आक्षेप बिंदूच्या वाट्याबद्दल आहे, आणि तो रास्त वाटतो: बिंदूकडे निवड सोडून काही कामच नाही. काहींना गिचमिडीत त्या काळच्या मुक्त तरुणाईची टिंगलही दिसते.

पाहायचा तर आवाज चालू ठेवूनच. शेवटची गंमत सदिश राशीवरच्या इंग्रजी श्लेषात आहे (‘व्हेक्टर’ म्हणजे सदिश राशी, ‘व्हिक्टर’ म्हणजे विजेता), मुलांना आधी सांगून ठेवा.