रुग्णवाहिकेतील नोकरी आणि श्वासाची पारख

आपण महाडहून पाठवलेले पत्र मिळाले. आपली कन्या विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली आहे, नीटच्या गुणांवर तिला वैद्यकीय प्रवेश मिळण्यासारखा नाही आणि तिला इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, म्हणजे रुग्णवाहिकेत रुग्णाची तातडीची काळजी घेणारी तंत्रज्ञ, व्हायचे आहे. हे काम स्ट्रेचर उचलण्याचे आणि ऑक्सिजनचा मास्क लावण्याचेच असेल, तर त्यासाठी वर्षे आणि पैसा का घालवावा, असे आपण विचारले आहे. तिला लहानपणापासून दमा असल्याची काळजीही आपण कळवली आहे.

मास्क लावणे कोणालाही थोडक्यात शिकता येते. तो पुरेसा नाही हे केव्हा ओळखायचे, हे शिकण्यास मात्र वेळ लागतो आणि या कामाचे मोल तिथेच आहे. प्रौढ माणूस शांत बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो, तर तान्ह्या बाळात हा आकडा ३० ते ६० असू शकतो. मोजतो आहोत हे रुग्णाला कळले की लय बदलते, म्हणून नाडी पाहत असल्यासारखे मनगट धरून ठेवायचे आणि नजर छातीवर ठेवायची. रुग्णाला पूर्ण वाक्य एका दमात बोलता येते की दोन शब्दांनंतर थांबावे लागते, तो गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकला आहे का, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का, हेही त्याच वेळी पाहायचे असते. दम्याच्या झटक्यात छातीतून येणारी शिट्टी थांबली आणि रुग्ण सुस्तावला, की नातेवाइकांना हायसे वाटते. प्रत्यक्षात ते अत्यंत धोक्याचे लक्षण असते, कारण आवाज करण्याइतकी हवाही आता आत-बाहेर होत नसते.

आपल्या कोकणातील उदाहरण द्यायचे तर मण्यारीच्या दंशाचे देता येईल. दंशाच्या जागी सूज किंवा वेदना बहुधा फारशी नसते. पुढे पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि श्वास उथळ होत जातो. धाप दिसत नाही, कारण श्वासाचे स्नायूच लुळे पडत असतात. अशा रुग्णाचा श्वास अपुरा पडू लागला की नुसत्या मास्कचा उपयोग नसतो. अंबू बॅगने (हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरायच्या पिशवीने) साधारण दर सहा सेकंदांना एक श्वास देत त्याला प्रतिसर्पविष आणि व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात न्यावे लागते. लाल विंचवाच्या गंभीर दंशात फुप्फुसांत पाणी साचते, रुग्णाला आडवे झोपता येत नाही आणि कधी तोंडातून गुलाबी फेस येतो. आपल्याच महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे या दंशावरील उपचारांचे संशोधन प्रसिद्ध आहे. औषध डॉक्टर देतील, पण रुग्णाला बसते ठेवून रुग्णालयाला आधी नेमके काय कळवायचे, हे टेक्निशियनला उमगले पाहिजे.

कोविडनंतर बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजन मोजणारा पल्स ऑक्सिमीटर घरोघरी आला आणि आकडा पाहिला म्हणजे तपासणी झाली, असा एक समज रुजला, जो मला घातक वाटतो. गार पडलेली बोटे किंवा नखांचा रंग आकडा चुकवू शकतात, आणि बंद खोलीतील शेगडीच्या धुराने कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेल्या माणसाचा आकडा उत्तम दिसू शकतो.

नोकरीविषयी स्पष्ट लिहितो. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली ती रुग्णवाहिकेत डॉक्टर नेमण्याच्या पद्धतीने, आणि त्यांत आयुर्वेद पदवीधर बरेच असतात. गुजरातसारख्या राज्यात हेच काम टेक्निशियन करतात. म्हणून ‘१०८ मध्ये नोकरीची हमी’ देणाऱ्या संस्थेपासून दूर राहावे. खासगी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टी (तातडीचे विभाग) व रुग्णवाहिका, विमानतळ आणि मोठ्या कारखान्यांतील वैद्यकीय कक्ष येथे संधी आहेत. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने असल्याने वायुबाधेच्या रुग्णाची जाण असलेली व्यक्ती तेथे उपयोगी ठरेल.

ऐपत असेल तर काही महिन्यांच्या प्रमाणपत्रापेक्षा इंटर्नशिपसह पदवी मी पसंत करीन. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने हा व्यवसाय संलग्न आरोग्य व्यवसायांत समाविष्ट झाला आहे, तेव्हा अभ्यासक्रमाच्या मान्यतेची कागदपत्रे मागून घ्यावीत. कॅज्युअल्टीत आणि रुग्णवाहिकेत प्रत्यक्ष किती आठवडे काम मिळेल, अंबू बॅगचा सराव पुतळ्यावर प्रत्येकाला करता येतो की एकाने करायचा आणि इतरांनी पाहायचा, हे प्रवेशापूर्वी तेथील विद्यार्थ्यांनाच विचारावे.

दमा आटोक्यात असेल तर तेवढ्यावरून हा मार्ग बंद होत नाही. तथापि स्ट्रेचर घेऊन जिने चढणे, धूर आणि धूळ हे या कामात टळत नाही, म्हणून शुल्क भरण्याआधी छातीविकारतज्ज्ञांकडून स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची चाचणी) करून घ्यावी, कामाचे स्वरूप त्यांना सविस्तर सांगावे आणि त्यांचा अभिप्राय लेखी घ्यावा.