कांदा निर्यातीबद्दल व्हॉट्सॲपवर येणारे संदेश खरे की खोटे हे कसे ओळखावे, आणि खोट्या संदेशांची जबाबदारी कोणावर टाकावी?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. निर्यातबंदी उठली, शुल्क घटले, उद्यापासून भाव वाढणार, अशा अर्थाचे संदेश गावाच्या ग्रुपवर सतत येत असतात. त्यांपैकी कशावर विश्वास ठेवावा, हा पहिला भाग. असा संदेश मुळात कोणी पाठवला हे सांगण्याची सक्ती व्हॉट्सॲप कंपनीवर करावी का, हा दुसरा. मी नाशिक शहरात राहतो, पण आमची सामाईक शेती निफाड तालुक्यात आहे आणि घराचा वर्षाचा हिशेब कांद्यावरच चालतो, म्हणून या दोन्ही गोष्टींचा विचार मला टाळता येत नाही.

कांद्याच्या बाबतीत निव्वळ बनावट संदेश माझ्या पाहण्यात फार थोडे आले आहेत. खरे नुकसान होते ते अर्धवट खऱ्या संदेशांमुळे, आणि निर्णयाची घोषणा झाल्यापासून त्याची अधिसूचना, म्हणजे राजपत्रातला अधिकृत आदेश, निघेपर्यंतच्या काळात अशा संदेशांना ऊत येतो. हे काम एखाद्या खोडसाळ माणसाचे असते असे मानले की आपण चुकीच्या माणसाला शोधत बसतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये जे घडले ते आठवून पाहा. केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने कांद्याची निर्यात ३१ मार्च २०२४ पर्यंत बंद केली होती. १८ फेब्रुवारीला बातमी आली की केंद्रीय मंत्र्यांच्या समितीने बंदी उठवण्यास आणि तीन लाख टन निर्यातीस मंजुरी दिली आहे. लासलगाव बाजार समितीत १७ फेब्रुवारीला क्विंटलमागे १,२८० रुपये असलेला सर्वसाधारण भाव १९ फेब्रुवारीला १,८०० रुपयांवर गेला. २० फेब्रुवारीला ग्राहक व्यवहार विभागाच्या सचिवांनी स्पष्ट केले की बंदी उठवलेली नाही, ती पूर्वीसारखीच लागू आहे. पुढे २२ मार्चच्या अधिसूचनेने ती पुढील आदेशापर्यंत वाढवण्यात आली आणि प्रत्यक्षात उठली ती ४ मे रोजी.

त्या दोन दिवसांत ग्रुपवर फिरणारे संदेश कोणी घरात बसून रचलेले नव्हते. ती वाहिन्यांवरची आणि वर्तमानपत्रांतली बातमी होती. फेब्रुवारीत आपल्याकडे रांगडा (उशिराच्या खरिपाचा) कांदा निघत असतो, आणि उन्हाळ (रब्बी) कांद्यासारखा तो चाळीत, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने टिकत नाही. त्यामुळे काढणी उरकून घ्यावी की चार दिवस थांबावे, हा निर्णय शेतकऱ्याला तिथल्या तिथे घ्यावा लागतो. चढ्या भावाने खरेदी करून माल खळ्यावर (आपल्या साठवणीच्या जागेत) टाकलेला व्यापारी त्यात अडकतो, आणि पुढच्या आठवड्यात तो हात आखडता घेतो तेव्हा त्याची झळ पुन्हा शेतकऱ्यालाच बसते. ज्याच्या हाती पैसा लागला तो त्या एका दिवशी ट्रॉली घेऊन बाजार समितीत उभा असलेला माणूस, आणि तोही योगायोगाने.

हा गोंधळ पुन्हा पुन्हा का होतो हे समजण्यासाठी निर्णय कोणत्या कार्यालयातून निघतो, हे माहीत असणे आवश्यक आहे. निर्यातीवर बंदी घालणे, ती उठवणे आणि किमान निर्यात मूल्य (ज्याखाली निर्यात करता येत नाही तो दर) ठरवणे यांच्या अधिसूचना वाणिज्य मंत्रालयाखालील परकीय व्यापार महासंचालनालय काढते. निर्यात शुल्काची अधिसूचना अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडून निघते. वर्तमानपत्रांशी मात्र बहुतेक वेळा बोलतो तो ग्राहक व्यवहार विभाग, कारण भावावर लक्ष ठेवणे आणि राखीव साठ्यासाठी कांदा खरेदी करवून घेणे हे काम त्याच्याकडे आहे. याशिवाय जिल्ह्यातले मंत्री, खासदार आणि पक्षांचे पदाधिकारी आपापल्या परीने श्रेय घेतात किंवा दोष देतात. न्हावा-शेवा बंदरावरचा सीमाशुल्क अधिकारी यांपैकी कोणाचेही भाषण विचारात घेत नाही. त्याच्यासमोर अधिसूचना असेल तरच कंटेनर पुढे सरकतो.

४ मे २०२४ चा संदेश तर पूर्ण खरा होता, तरीही त्याने फसगत झाली. ‘कांदा निर्यातबंदी उठली’ एवढीच ओळ सगळीकडे फिरली. बंदी उठवताना टनामागे ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरवले होते आणि त्यावर ४० टक्के शुल्क होते, म्हणजे परदेशातल्या खरेदीदाराला टनामागे निदान ७७० डॉलर मोजावे लागणार होते. त्या दराने आपला कांदा पाकिस्तानच्या कांद्यापुढे कितपत टिकेल, हा खरा प्रश्न होता. किमान मूल्याची अट निघून शुल्क २० टक्क्यांवर आले ते सप्टेंबर २०२४ मध्ये आणि शुल्क पूर्णपणे हटले ते १ एप्रिल २०२५ पासून. या प्रत्येक टप्प्याची बातमी ध्वनिचित्रफितीच्या रूपात आजही फोनमध्ये पडून आहे, तिच्यावर तारीख नसते, आणि भाव पडले की कोणीतरी ती आजची म्हणून पुढे पाठवतो.

सरकारी प्रसिद्धिपत्रकेही यातून सुटलेली नाहीत, हे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते. एप्रिल २०२४ च्या अखेरीस, लोकसभा निवडणुकीचा प्रचार ऐन भरात असताना, सहा देशांना ९९,१५० टन कांदा निर्यात करण्यास परवानगी दिल्याचे पत्रक निघाले. बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका यांना आधीच टप्प्याटप्प्याने दिलेल्या परवानग्यांची ती बेरीज होती. आपल्याकडे मात्र ती नवी परवानगी म्हणून वाचली गेली. आकडा बरोबर होता, देशांची नावे बरोबर होती, आणि तरीही वाचणाऱ्याचा समज चुकीचा झाला.

बाजारभावाच्या रोजच्या संदेशातही हेच घडते. बाजार समितीच्या पत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव असतात, आणि कोणत्या प्रतीची किती आवक झाली हेही असते. गोल्टी (बारीक कांदा) आणि खाद (खराब, हलका माल) यांचे भाव वेगळे असतात. त्यातला फक्त कमाल भाव कापून पुढे जातो. तो भाव एखाद्याच निवडक वकलाला (लिलावातल्या एका ढिगाला) मिळालेला असू शकतो, कधीकधी तर हंगामाच्या मुहूर्ताच्या लिलावात मानाने बोललेला असतो. त्यावर विसंबून चाळ फोडणे म्हणजे गाडीभाडे अंगावर घेणे आहे. पाहायचा तो सर्वसाधारण भाव, आणि तोही आवकेसह. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर तो रोज मराठीत पाहायला मिळतो.

आता दुसरा भाग. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत मोठ्या संदेशवहन कंपन्यांनी संदेशाचा पहिला पाठवणारा शोधून देण्याची तरतूद आहे. व्हॉट्सॲपने त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात तिला आव्हान दिले, कारण त्यांच्या म्हणण्यानुसार त्यासाठी संदेशांची गोपनीयता राखणारी कुलूपबंद व्यवस्थाच मोडावी लागेल. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीच्या वकिलांनी, तशी सक्ती झाल्यास आम्ही या देशातून निघून जाऊ, असेही न्यायालयात सांगितले. कंपनीचा हेतू निव्वळ लोकहिताचा आहे असे मी मानत नाही. पण या सक्तीला माझाही विरोध आहे. कांद्याच्या अर्धवट बातमीचा पहिला पाठवणारा शोधत गेलात तर वाटेत वाहिनी किंवा पुढारी भेटेल, आणि त्यांची नावे आपल्याला आधीच ठाऊक असतात. उलट लिलाव बंद पाडण्याचे किंवा रास्ता रोकोचे आवाहन पहिल्यांदा कोणत्या शेतकऱ्याने केले, हे शोधण्याचे साधन मात्र कोणत्याही सत्तेच्या हाती आयते येईल.

याविरुद्ध राईनपाड्याचे उदाहरण दिले जाते आणि ते हलके मानता येणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या या गावात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्याच रात्री आपल्या मालेगावातही जमावाच्या तावडीतून काही जणांना पोलिसांनी सोडवले. अशा प्रकरणात मूळ शोधणे न्यायाला उपयोगी पडेल, हे मला मान्य आहे. तरी जीव वाचवायचे असतील तर संदेशाचा वेग कमी होणे अधिक महत्त्वाचे आहे, आणि तेवढे कंपनीला करता येते. त्या महिन्यात तिने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणली आणि २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशासाठी ती एकावर आणली.

खरे-खोटे सरकारने स्वतःच ठरवावे, या मार्गावर तर माझा मुळीच विश्वास नाही. केंद्राच्या कारभाराविषयीची माहिती खोटी ठरवण्याचा अधिकार सरकारच्या स्वतःच्या तथ्य तपासणी कक्षाला देणारी २०२३ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मत विभागले गेले होते आणि सप्टेंबरमध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मताने निकाल लागला. १८ ते २० फेब्रुवारीच्या त्या दोन दिवसांत अशा कक्षाने काय केले असते, याचा विचार करा. ज्याच्या दोन तोंडांतून दोन गोष्टी बाहेर पडल्या, तोच निवाडा देणारा ठरला असता.

सरकारकडून मला हवे आहे ते याहून कितीतरी सोपे आहे. मंत्र्यांनी अधिसूचना निघाल्यावरच बोलावे, आणि निघालेली अधिसूचना त्याच दिवशी मराठीत बाजार समितीच्या फलकावर लागावी. आज ती हिंदी आणि इंग्रजी राजपत्रात प्रसिद्ध होते आणि आमच्यापर्यंत व्यापाऱ्याच्या सांगण्यातून पोहोचते. ज्या जिल्ह्याच्या पिकावर दिल्लीत एवढे निर्णय होतात, तिथल्या माणसाला तो कागद त्याच्या भाषेत मिळू नये, याचा मला मनापासून राग येतो.

तोपर्यंत आपल्या हाती असलेली गोष्ट अशी: संदेश आला की अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख काय, शुल्काचे काय आणि अंमल कधीपासून, एवढे विचारावे. ग्रुपवर वडीलधाऱ्यांनी संदेश टाकला असेल तर ‘काका, याची अधिसूचना निघाली असेल तर कृपया तीही टाका’ असे लिहिले की कोणाचा अपमान होत नाही आणि ग्रुपवरच्या बाकीच्यांनाही थांबायला कारण मिळते. उत्तर आले नाही, तर त्या संदेशावरून ट्रॉली भरू नये.