लिंडाऊ एका दिवसात उरकेल का?

प्रश्न : मुलगी म्युनिकला नोकरीला आहे, जूनमध्ये मी आणि सासूबाई तिच्याकडं चाललोय. तळ्यातलं लिंडाऊ हे जुनं गाव बघायचंय. जावई म्हणतात सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ. सासूबाईंचे गुडघे दुखतात, शिवाय त्या अंडंही खात नाहीत. कसं करावं?
– एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, जावई म्हणतात ते जमतं, रेल्वेनं अडीच तासांच्या आसपास लागतात, पण माझं ऐकाल तर एक मुक्काम कराच. दिवसा बंदरावर नुसती गर्दी असते, सगळे बंदराच्या तोंडावरच्या दगडी सिंहाचा फोटो काढतात आणि परत गाडीत बसतात. संध्याकाळी ही मंडळी गेली की गल्ल्या मोकळ्या होतात, आणि जूनमध्ये तिकडं सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, तेव्हा जेवण उरकून बेटाच्या पश्चिम टोकाला जाऊन बसा. समोर बोडेनझे, आपल्या नाथसागराहूनही मोठं, 536 चौरस किलोमीटरचं तळं, त्याचा काठ जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड तिघांनी वाटून घेतलाय, हवा स्वच्छ असेल तर आल्प्सचे डोंगरही दिसतात.

गुडघ्यांची फार काळजी नको. बेट एक चौरस किलोमीटरही नाही आणि स्टेशनातून बाहेर पडलं की बंदर समोरच. फक्त उतरायचं ते लिंडाऊ-इन्झेलला, रॉयटिन स्टेशन बेटाबाहेर आहे, तिथं उतरलात तर उगीच पायपीट. गल्ल्यांत दगडी फरशी आहे म्हणून सासूबाईंना बूटच घाला. 1856 चं दीपगृह चढायला तुम्ही जा, त्यांना खाली बाकावर बसवा, बवेरिया राज्याचा तो 6 मीटर उंच सिंह तिथूनच दिसतो. जुनं टाउन हॉल मात्र चुकवू नका, पंधराव्या शतकातलं आहे आणि भिंतींवरची चित्रं बघतच राहावी अशी आहेत. पेटर्सकिर्खे हे जुनं चर्चही बघा, गाव किती जुनं आहे ते तिथं कळतं.

बायर्न तिकीट म्हणजे बवेरियात दिवसभर चालणारं रेल्वेचं तिकीट, त्यात 5 जणांपर्यंत एकत्र जाता येतं, सोमवार ते शुक्रवार मात्र ते सकाळी 9 नंतरच चालतं आणि फक्त लोकल-रीजनल गाड्यांना.

खाण्याचं म्हणाल तर तिकडचे चीज घातलेले श्पेट्झले, म्हणजे जाड शेवयांसारखा प्रकार, शाकाहारी म्हणून सांगतील, पण त्याच्या पिठात अंडं असतं, सासूबाईंना देऊ नका. सरळ धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून न्या.